अंदाज नव्हे, अनुमान

मी तत्त्वज्ञानाचा माणूस. संगणकावर बोलायला मला नातीनं भाग पाडलं. ती इथंच नांदेडला इंजिनिअरिंग करते. परवा म्हणाली, "आजोबा, जावात आता प्रकार लिहायची गरज नाही, कंपायलर अंदाज करतो." मी म्हटलं, अंदाज करतो की अनुमान? आजचं बोलणं एवढ्यासाठीच.

लातूरचा मोंढा आठवा. पोतं तेच, तूर भरा, नाहीतर सोयाबीन. पोतं शिवणाऱ्याला धान्याशी देणंघेणं नसतं. जेनेरिक प्रकार म्हणजे 'अमुकचं पोतं'. अमुक काय, ते वापरणाऱ्यानं सांगायचं. 2004 पर्यंत जावातल्या यादीवर अशी पाटी लावायची सोयच नव्हती. आत नुसत्या 'वस्तू'. तूर समजून हात घातला आणि सोयाबीन निघालं, तर ते कळायचं प्रोग्रॅम चालू असताना, म्हणजे गिऱ्हाइकासमोर. पाचव्या आवृत्तीत पाटी आली आणि चूक आधीच सापडू लागली. (तपासणी झाली की जावा ती पाटी पुसूनही टाकते, ही आणखी गंमत!)

मूळ विचार मात्र आमच्या घरचा, तर्कशास्त्राचा. संचांच्या विरोधाभासातून सुटण्यासाठी रसेलनं 1908 मध्ये प्रकारांची उपपत्ती तपशिलानं मांडली. पुढं 1969 मध्ये हिंडली यांनी तर्कशास्त्रात आणि 1978 मध्ये मिल्नर यांनी स्वतंत्रपणे, एमएल या भाषेसाठी दाखवलं, की न लिहिलेला प्रकार रीतसर काढता येतो. 'क्ष'मध्ये एक मिळवलाय? मग क्ष संख्याच. जोडीतल्या दोन गोष्टींची नुसती अदलाबदल केलीय? मग त्या कोणत्याही प्रकारच्या असोत. पुराव्याला धरून जे सर्वांत व्यापक उत्तर, तेच द्यायचं. त्याहून जास्त बोलायचं नाही. नैयायिक धूर पाहून अग्नी सांगतो, तो व्याप्तीच्या बळावर. आपल्या मनानं नव्हे. दोन्ही रीती एक नाहीत, पण हेतूशिवाय बोलायचं नाही ही शिस्त दोघांचीही.

नातीची अडचण इथंच होती. 2018 पासून जावात 'व्हार' लिहून प्रकार गाळता येतो. तिनं तसं लिहून रिकामी यादी केली, पुढच्या ओळीत नावं भरली, आणि नाव म्हणून बाहेर काढायला गेली तर कंपायलर अडला. एमएलनं पुढचा वापरही पाहिला असता. जावा तेवढी एकच ओळ पाहते, आणि त्या ओळीत पोतं रिकामं! म्हणून तिनं ठरवलं, 'वस्तूंची यादी'. डोंगरावर धूरच नाही, तर अग्नी कुठून सांगणार? मग पोरीनं प्रकार स्वतः लिहिला.