हालोलची शेड आणि चार पाट्या

पावागडाबद्दल आपल्या मंडळात पुष्कळ बोलून-लिहून झालं आहे. महमूद बेगड्यानं १४८४ साली घेतलेला गड, चांपानेरच्या मशिदी, कालिकामातेचं देऊळ, २००४ साली मिळालेला युनेस्कोचा दर्जा. आपल्या बडोदेकर मराठी मंडळींना आणखी एक गोष्ट जवळची वाटते. गोध्रा, दाहोद, हालोल, कालोल आणि झालोद हे पाच महाल शिंद्यांचे होते आणि १८६१ साली ते इंग्रजांकडे गेले. पण त्याच गडाच्या छायेत, हालोलजवळ चंद्रपुऱ्याला, मोटारींचा एक कारखाना आहे. त्याच्यावर कुणी पेपर वाचल्याचं मला आठवत नाही. माझ्या मते तोही इतिहासच आहे. दारावरची पाटी चार वेळा बदलली, कारखाना मात्र जागचा हलला नाही.

आधी शिवडी

गोष्ट सुरू होते मुंबईत. अमेरिकेच्या जनरल मोटर्सनं, म्हणजे जीएमनं, १९२८ साली शिवडीला कारखाना काढला. इथे गाडी ‘बनत’ नव्हती, जुळवली जात होती. सुटे भाग पेट्यांतून बोटीनं यायचे आणि इथले कारागीर ते जोडून शेवरोले उभी करायचे. अख्खी गाडी आणण्यापेक्षा भाग आणणं स्वस्त, एवढं साधं गणित त्यामागे होतं. स्वातंत्र्यानंतर सरकारनं धोरण बदललं. नुसती जुळवाजुळव चालणार नाही, भाग इथेच बनवायचा कार्यक्रम दाखवा, असा आग्रह आला. बाजार लहान, गुंतवणूक मोठी. १९५४ साली जीएमनं गाशा गुंडाळला.

हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे हालोलला जे घडलं त्याचा साचा इथेच तयार झाला. दार किती उघडायचं ते सरकार ठरवतं, कोणती पाटी लावायची ते कंपनी ठरवते, आणि गावाला कुणी विचारत नाही.

पहिल्या तीन पाट्या

हालोलचा कारखाना मुळात हिंदुस्तान मोटर्सचा. ॲम्बेसेडर बनवणाऱ्या या कंपनीनं तिथे जपानच्या इसुझूच्या सहकार्यानं ट्रक काढायला घेतले. ही पहिली पाटी. १९९१ नंतर परदेशी कंपन्यांना दार उघडलं, तेव्हा जीएमला चाळीस वर्षांनी परतायचं होतं. नवी जमीन, नव्या परवानग्या यांच्या मागे लागण्यापेक्षा उभी शेड आणि माहीतगार भागीदार बरा. १९९४ साली दोघांची निम्मी-निम्मी भागीदारी झाली, १९९६ साली ओपेल ॲस्ट्रा बाहेर आली. १९९९ साली जीएमनं भागीदाराचा हिस्साही विकत घेतला.

ओपेल हे जीएमचं जर्मन नाव. हिशोब असा की मारुतीला कंटाळलेला वरचा मध्यमवर्ग ‘जर्मन गाडी’ म्हटल्यावर दोन पैसे जास्त मोजेल. गाडी दणकट होती, यात वादच नाही. पण आपल्याकडचं गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं तो ॲव्हरेजचा आणि दुसरा पार्टच्या किमतीचा. दोन्हीकडे ओपेल कमी पडली. २००३ साली कंपनीनं शेवरोले हे जुनं नाव पुन्हा काढलं आणि २००६ पर्यंत ओपेल बंद झाली.

शेवरोलेची टवेरा मात्र इथल्या रस्त्यांना मानवली. टॅक्सीवाले, लग्नाची वऱ्हाडं, पावागड-अंबाजीचे यात्रेकरू, सगळ्यांना ती सोयीची. पण २०१३ च्या जुलैमध्ये कंपनीला सुमारे १ लाख १४ हजार टवेरा परत बोलावाव्या लागल्या. प्रदूषण-चाचणीचे नियम मोडल्याचं कंपनीनं स्वतःच मान्य केलं आणि काही माणसांना काढून टाकलं. चाललेलं एकमेव नाणं, त्यालाच बट्टा लागला.

शांघायचा धागा

आता खरी गंमत. लोक समजतात की चिनी कंपनी हालोलला आली ती जीएम गेल्यावर. कागदपत्रं वेगळं सांगतात. शांघायची सैक ही जीएमची चीनमधली भागीदार, १९९७ पासूनची. २००९ साली अमेरिकेत जीएमचं दिवाळं निघालं आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तिनं आपल्या भारतातल्या कंपनीत सैकला निम्मा वाटा द्यायचं जाहीर केलं. २०१२ मध्ये जीएमनं त्यातला बहुतेक भाग परत घेतला. पण त्याच सुमारास आलेल्या सेल आणि एन्जॉय या ‘अमेरिकन’ गाड्यांचा मूळ आराखडा चीनमधल्या भागीदारीतलाच होता.

२०१५ च्या जुलैमध्ये जीएमनं एकाच दमात दोन गोष्टी सांगितल्या : भारतात १ अब्ज डॉलर घालणार आणि हालोल बंद करणार. काम तळेगावला न्यायचं होतं. २०१७ च्या एप्रिलअखेर हालोलची लाइन थांबली. मे महिन्यात कंपनीनं भारतात गाड्या विकणंच बंद करायचं ठरवलं. तोवर देशात विकल्या जाणाऱ्या शंभर गाड्यांत तिची एकही धड येत नव्हती. तळेगावला निर्यातीचं काम डिसेंबर २०२० पर्यंत चाललं, मग तीही जागा ह्युंदाईकडे गेली.

हालोलची शेड सैकनं घेतली आणि पाटी लावली एमजीची. मॉरिस गॅरेजेस, ऑक्सफर्ड, शंभर वर्षांचं इंग्रजी नाव. जाहिरातीला बेनेडिक्ट कंबरबॅच. २०१९ च्या जूनमध्ये १२ लाख १८ हजारांपासून हेक्टर आली आणि महिन्याभरात २१ हजारांवर नोंदणी होऊन बुकिंग थांबवावं लागलं. ही हेक्टर म्हणजे चीनमधली बाओजून ५३०, आणि बाओजून हे सैक, जीएम आणि वुलिंग यांच्या भागीदारीचं नाव. म्हणजे जीएम गेली, तरी तिच्या गोतावळ्यातलीच गाडी त्याच शेडमधून इंग्रज होऊन बाहेर पडली!

यात फसवणूक झाली असं मी म्हणत नाही. सैकनं ओपेलच्या उलट केलं. नाव दुरून आणलं, पण गाडी मोठी, किंमत आवाक्यातली आणि आत भलामोठा पडदा. गिऱ्हाइकाला काय हवं ते ओळखलं.

पण सरकारचं दार पुन्हा हललं. एप्रिल २०२० पासून शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला आधी परवानगी लागू लागली आणि सैकला पैसा ओतणं अवघड झालं. अखेर मुंबईच्या जेएसडब्ल्यू समूहानं ३५ टक्के हिस्सा घेतला आणि २०२४ मध्ये एमजीच्या आधी त्यांचं नाव लागलं. शिवडीला सरकार म्हणालं, इथे बनवा. हालोलला अर्थ निघाला, इथला भागीदार घ्या. एकानं गाशा गुंडाळला, दुसऱ्यानं वाटा दिला.

आपलं काम

कंपन्यांची दप्तरं डेट्रॉइटला आणि शांघायला जपली जातील. हालोलची कोण जपणार? इसुझूचा ट्रक ते आजची विजेवरची गाडी, इतका पल्ला एका शेडनं पाहिला. शेडला काही होत नाही. गेट बंद झालं की हप्ते थकतात ते माणसांचे. खानावळी ओस पडतात, भाग पुरवणारे छोटे कारखानदार उधारीत अडकतात. हालोलला नवी पाटी लागली, हे नशीब. सगळ्याच गावांना ते लाभत नाही.

म्हणून मंडळींना माझी एक सूचना आहे. आपल्या ओळखीत, सोसायटीत कुणी तिथे काम केलं असेल, तर त्यांच्याशी निवांत बोला. गुजराती असोत की मराठी, त्यांच्या आठवणी लिहून घ्या. जुनी ओळखपत्रं, पगाराच्या चिठ्ठ्या, पहिल्या ॲस्ट्राच्या वेळचे फोटो, जे मिळेल त्याची प्रत करून ठेवा. पाच महालांची दप्तरं शोधत आपण ग्वाल्हेरपर्यंत जातो. या दप्तरासाठी फक्त शेजारच्या दाराची बेल वाजवायची आहे.