जेन्किन्स

कोडसाठ्यात बदल झाला की सॉफ्टवेअरचा बिल्ड (कोडपासून बनणारी चालण्याजोगी प्रत) तयार करणे, चाचण्या चालवणे आणि ते सर्व्हरवर चढवणे ही कामे आपोआप करणारे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. जावा भाषेत लिहिलेले असून एमआयटी परवान्याखाली विनामूल्य मिळते. वापरणारी संस्था ते स्वतःच्या सर्व्हरवर बसवते आणि ब्राउझरमधून चालवते.

पार्श्वभूमी : एका प्रकल्पावरच्या प्रत्येकाने आपापला कोड आठवडेच्या आठवडे स्वतःजवळ ठेवला, तर तो शेवटी एकत्र करताना गोंधळ उडतो आणि चूक कोणत्या बदलातून शिरली हे शोधण्यातच दिवस जातात. म्हणून बदल लहान ठेवावेत, ते वरचेवर मुख्य कोडात मिसळावेत आणि दर वेळी यंत्राकडून तपासून घ्यावेत, ही रीत केंट बेक यांच्या एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग पद्धतीतून १९९० च्या दशकाच्या अखेरीस रुजली. तिला कंटिन्युअस इंटिग्रेशन म्हणतात. २००१ मध्ये आलेले क्रूझकंट्रोल हे या कामाचे सुरुवातीचे गाजलेले साधन होय.

इतिहास : सन मायक्रोसिस्टिम्समधील अभियंता कोहसुके कावागुची यांच्या कोडमुळे बिल्ड वारंवार मोडे आणि सहकारी वैतागत. कोणाच्या लक्षात येण्याआधी चूक आपल्याला कळावी म्हणून त्यांनी २००४ मध्ये ‘हडसन’ लिहायला घेतले. पुढच्या वर्षी ते सर्वांसाठी खुले झाले. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतल्यावर प्रकल्पाची व्यवस्था आणि नाव यांवरून वाद पेटला. जानेवारी २०११ मध्ये विकसकांनी मोठ्या बहुमताने ‘जेन्किन्स’ हे नवे नाव स्वीकारले. ओरॅकलने हडसन काही काळ चालू ठेवून पुढे एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवले, पण वापरकर्ते जेन्किन्सकडे वळले होते. २०१९ पासून जेन्किन्स लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालील कंटिन्युअस डिलिव्हरी फाउंडेशनमध्ये आहे.

कार्यपद्धती : मुख्य सर्व्हरला कंट्रोलर आणि प्रत्यक्ष राबणाऱ्या यंत्रांना एजंट म्हणतात. विकसकाने साठ्यात कोड पाठवला (पुश केला) की गिटहबसारखी कोड साठवणारी सेवा वेबहुकद्वारे, म्हणजे आपोआप जाणाऱ्या संदेशाने, कंट्रोलरला वर्दी देते. काम रांगेत लागते. लिनक्स किंवा विंडोज असे जे लेबल मागितले असेल, त्याचा एजंट मोकळा झाला की तो कोड उतरवून घेतो. मग एकामागून एक टप्पे चालतात. उदाहरणार्थ, जावाच्या प्रकल्पात मेव्हन हे साधन कोड कंपाइल करते, त्यानंतर जेयुनिटच्या चाचण्या होतात. प्रत्येक आज्ञा संपताना एक आकडा परत करते : शून्य म्हणजे सुरळीत, दुसरे काहीही आले की टप्पा नापास. मग बिल्ड सहसा तिथेच थांबतो आणि तशी सोय केलेली असल्यास संबंधितांना मेल जातो. सगळे पार पडले तर तयार फाइल जपून ठेवली जाते किंवा सर्व्हरवर चढवली जाते. चढवण्याआधी माणसाच्या होकारासाठी थांबण्याची सोयही आहे.

ठरावीक वेळी कामे चालवण्यासाठी क्रॉन या ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या साधनाच्या धर्तीचे वेळापत्रक असते. त्यात मिनिटाच्या जागी ‘एच’ लिहिले की प्रत्येक कामाला त्याच्या नावावरून ठरणारे मिनिट मिळते. त्यामुळे रात्री बाराच्या ठोक्याला सगळी कामे एकदम सर्व्हरवर तुटून पडत नाहीत.

सुरुवातीला हे टप्पे ब्राउझरमधले रकाने भरून ठरवले जात. कोणी, केव्हा, काय बदलले याचा माग काढणे त्यामुळे अवघड होई. २०१६ च्या २.० आवृत्तीने पाइपलाइनला मध्यवर्ती स्थान दिले : सारे टप्पे ‘जेन्किन्सफाइल’ नावाच्या फाइलमध्ये लिहून ती कोडसोबतच साठ्यात ठेवायची. बिल्डची कृतीही अशा रीतीने कोडप्रमाणेच तपासता येऊ लागली आणि बिघडल्यास मागे फिरवता येऊ लागली.

यशस्वी बिल्डची खूण बरीच वर्षे निळी होती. कावागुची जपानी; जपानमध्ये वाहतुकीचा हिरवा दिवा निळाच म्हणवला जातो. हिरव्याची सवय असलेल्यांसाठी खूण बदलणारे प्लगइनही (वरून जोडायचे छोटे सॉफ्टवेअर) निघाले.

मर्यादा : प्लगइन हेच जेन्किन्सचे बळ आणि तीच डोकेदुखी. त्यांची संख्या हजाराच्या बरीच वर असून जवळपास प्रत्येक साधनाशी जोडणी मिळते. पण अनेक प्लगइन एकमेकांवर अवलंबून असतात आणि एक अद्ययावत केले की दुसरे रुसते. सर्व्हरची निगा संस्थेलाच राखावी लागते. त्यात पासवर्ड व किल्ल्या साठवलेल्या असल्याने हयगय महागात पडते. जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या एका त्रुटीतून कंट्रोलरवरील फाइलींचा काही मजकूर बाहेरच्या माणसालाही वाचता येत होता, २.४४२ आवृत्तीत ती दुरुस्त झाली.

सद्यःस्थिती : गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेतली याच कामाची अंगभूत सोय आणि २०१९ मध्ये सर्वांसाठी खुले झालेले गिटहब ॲक्शन्स यांमुळे नव्या प्रकल्पांना वेगळा सर्व्हर सांभाळण्याची गरज उरलेली नाही. मात्र कोड स्वतःच्या नेटवर्कबाहेर जाऊ न देणाऱ्या किंवा विशिष्ट यंत्रांवरच चाचण्या घ्याव्या लागणाऱ्या संस्थांना जेन्किन्स अजूनही सोयीचे पडते.