डायनोच्या रोलरवरचा पिकअप आणि परीक्षेतली कॉपी

मंडळी, गेल्या काही महिन्यांत इनबॉक्समध्ये एकाच जातीचे रील येतायत. अमेरिकेतला भलामोठा डिझेल पिकअप, जाड पट्ट्यांनी जखडलेला, मागची चाकं जमिनीतल्या रोलरवर. ड्रायव्हर पाय दाबतो, सायलेन्सरमधून काळा लोट निघतो आणि बाजूच्या स्क्रीनवर आकडा चढत जातो. 900, 1200, कधी 2000 हॉर्सपॉवर. खाली आपल्याच पोरांच्या कॉमेंट: "भाऊ, आपल्या गाडीचं असं रिमॅपिंग कुठं होतं?"

रिमॅपिंगवाल्याचा नंबर मी देणार नाही. त्या रोलरचा इतिहास मात्र सांगतो. वाहन उद्योगातली सगळ्यात गाजलेली फसवणूक याच रोलरच्या आधाराने झाली, आणि या गोष्टीचा एक धागा पार पुण्याच्या कोथरूडपर्यंत येतो. पोस्ट मोठी आहे, निवांत वाचा.

आधी एक गैरसमज काढू. पिकअप म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर भाजीचे क्रेट भरलेली बोलेरो येते, 75 च्या आसपास हॉर्सपॉवरची. अमेरिकेतला 'हेवी ड्युटी' पिकअप म्हणजे सहा-साडेसहा लिटरचं डिझेल इंजिन, म्हणजे आपल्याकडच्या मालट्रकाचं हृदय एका घरगुती गाडीत बसवलेलं. घोड्यांची गाडी, बोट, गवताचे गठ्ठे ओढायला शेतकरी आणि कंत्राटदार तो घेतात.

आता हा रोलर. त्याला डायनामोमीटर म्हणतात, बोलण्यात डायनो. गास्पार द प्रोनी नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने 1821 च्या सुमारास त्याचं साधं रूप तयार केलं. इंजिनच्या फिरत्या दांड्याला लाकडी ठोकळ्यांचा ब्रेक आवळायचा, ब्रेकला एक लांब दांडी जोडायची आणि ती फिरू नये म्हणून टोकाला किती वजन लागतं ते बघायचं. वजन गुणिले दांडीची लांबी, झाला टॉर्क. त्याला फेऱ्यांनी गुणलं की शक्ती. पुढे 1877 मध्ये विल्यम फ्रूड या इंग्रज इंजिनिअरने लाकडाऐवजी पाण्याचा ब्रेक केला, जहाजांची इंजिनं मोजण्यासाठी.

इथे थोडं गणित, कारण रीलवाले ते सांगत नाहीत. अमेरिकन मापात हॉर्सपॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम भागिले 5252. कंपनीतून आलेलं मोठं डिझेल इंजिन 5252 आरपीएमपर्यंत जातच नाही. म्हणून त्याच्या टॉर्कचा आकडा नेहमी हॉर्सपॉवरपेक्षा मोठा. आपला शेतकरी 'ट्रॅक्टरला ओढ आहे' म्हणतो ना, ती ओढ म्हणजे टॉर्क. हॉर्सपॉवर म्हणजे ती ओढ किती वेगाने कामाला येते त्याचा हिशोब.

डिझेल इंजिनाचा जन्मदाखलासुद्धा अशाच मोजणीतून निघाला. 17 फेब्रुवारी 1897 ला जर्मनीत आउग्सबर्गला म्युनिकचे प्राध्यापक मोरित्झ श्रोटर यांनी रुडॉल्फ डिझेल यांच्या इंजिनाची चाचणी घेतली. इंधनातल्या उष्णतेपैकी 26.2 टक्के कामाला लागली. त्या काळची वाफेची इंजिनं याच्या निम्म्यापर्यंतही पोचत नव्हती. इंजिन दणकट आहे असं नुसतं तोंडाने सांगून कारखानदारांनी पैसे काढले नसते. त्रयस्थाने मोजलं म्हणून जगाने मानलं. ही 'त्रयस्थ'वाली गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

1919 मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, कोलंबस नावाच्या गावात क्लेसी कमिन्स यांनी डिझेल इंजिनांची कंपनी काढली. डिझेल म्हणजे संथ, जड, बोटीत आणि पंपावर चालणारं यंत्र ही समजूत मोडायला ते थेट शर्यतीत उतरले. 1931 च्या इंडियानापोलिस 500 मध्ये त्यांची डिझेल गाडी 500 मैल एकदाही न थांबता धावली आणि तेरावी आली. 1952 मध्ये त्याच शर्यतीत टर्बो लावलेल्या कमिन्स डिझेलने पहिल्या जागेवरून सुरुवात केली. पुढे टर्बोच्या तोंडात ट्रॅकवरच्या रबराचा कचरा अडकला आणि गाडी बाहेर पडली, पण टर्बो लावला तर डिझेल काय करू शकतं हे सगळ्यांना दिसलं.

खरी क्रांती 1989 मध्ये. डॉजच्या रॅम पिकअपमध्ये कमिन्सचं 5.9 लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन आलं. शेतीच्या आणि बांधकामाच्या यंत्रांत वापरलं जाणारं हे इंजिन. हॉर्सपॉवर फक्त 160, पेट्रोलच्या व्ही-8 पुढे मान खाली घालावी असा आकडा. पण टॉर्क 400 पाउंड-फूट, म्हणजे सुमारे 540 न्यूटन मीटर. मागे ट्रेलर जोडला की फरक कळायचा. मग स्पर्धा लागली. 1994 मध्ये फोर्डने पॉवर स्ट्रोक आणलं, 2001 मध्ये जनरल मोटर्सने इसुझूबरोबर ड्युरामॅक्स, 300 हॉर्सपॉवरचं. आज फोर्डचा सर्वात ताकदवान डिझेल पिकअप कंपनीतूनच 500 हॉर्सपॉवर आणि 1200 पाउंड-फूट घेऊन निघतो.

या शर्यतीत मिस्त्री लोक मागे कसे राहतील? 1994 ते 1998 च्या रॅममध्ये बॉशचा पी-7100 नावाचा पंप होता, तिकडे त्याला लाडाने 'पी-पंप' म्हणतात. आपल्याकडे पंप-नोझलच्या दुकानात बसलेला कुणीही हे ऐकून हसेल, कारण युक्ती तीच. पंपाच्या आतला रॅक किती पुढे सरकणार, म्हणजे डिझेल किती जाणार, हे एक छोटी पोलादी पट्टी ठरवते. ती घासून आकार बदलायचा किंवा काढूनच टाकायची. जोडीला मोठे नोझल, कडक गव्हर्नर स्प्रिंग. तुलनेने कमी खर्चात 160 चे 300 होत. पण डिझेल वाढलं आणि हवा तेवढीच राहिली की अर्धवट जळलेला कोळसा बाहेर पडतो, तोच काळा धूर. धुराला ताकद समजणारे तिकडेही आहेत, इकडेही. खरं तर तो वाया गेलेला पैसा आहे. शिवाय धूर दिसतोय तोवर आत उष्णता वाढत असते आणि एक दिवस ॲल्युमिनियमचा पिस्टन वितळतो.

मग इंजिनावर कॉम्प्युटर आला, कॉमन रेल आलं आणि स्क्रू-ड्रायव्हरची जागा लॅपटॉपने घेतली. कोणत्या फेऱ्यांना किती डिझेल, किती दाबाने, कोणत्या क्षणी, याचे तक्ते असतात. ते बदलणं म्हणजे ट्यूनिंग. हे अंदाजाने करता येत नाही, म्हणून डायनो. चांगला ट्यूनर रोलरवर गाडी चढवतो ती आकडा मिरवायला नव्हे. ओझ्याखाली टर्बोचा दाब, रेलचा दाब आणि एक्झॉस्टचं तापमान एकाच वेळी बघायला मिळतं, म्हणून.

इथेही गंमत आहे. एका जातीच्या डायनोत नुसता जड ड्रम असतो, तो किती लवकर वेग घेतो यावरून शक्ती काढतात. टर्बो डिझेलला दाब भरायला वेळ आणि ओझं लागतं, आणि हलक्या ड्रमवर दाब भरायच्या आतच फेरी संपते, आकडा कमी दिसतो. दुसऱ्या जातीत विजेचा ब्रेक असतो, तो ओझं धरून ठेवतो. म्हणजे गाडी तीच, यंत्र बदललं की आकडा बदलला. वर हवेच्या दाबाची 'दुरुस्ती' असते, ती चढवून लावली की आणखी वाढ. उदार आकडे देणाऱ्या यंत्राला तिकडचे लोक चेष्टेने 'आनंदी डायनो' म्हणतात. रीलमधला आकडा पाहताना एवढं ध्यानात असू द्या.

आता वाद. 2007 पासून अमेरिकेत नव्या डिझेल गाड्यांना काजळी पकडणारा फिल्टर आला, 2010 पासून बहुतेकांना युरियाची टाकी. आपल्याकडे बीएस-6 ला एप्रिल 2020 मध्ये जे आलं तेच. फिल्टर तुंबतो, तो जाळून साफ करायला जास्तीचं डिझेल जातं. युरियाचा सेन्सर बिघडला की गाडी स्वतःच वेग घटवते, मग मागे ट्रेलर असो की पेशंट. ही तक्रार खोटी नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये खुद्द तिथल्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, कंपन्यांना सांगितलं की अशी अचानक शक्ती तोडू नका, सॉफ्टवेअर सुधारा.

पण लोकांनी वाट पाहिली नाही. फिल्टर कापून पाइप लावायचा, सॉफ्टवेअरमधून युरिया बंद करायचा, याला 'डिलीट' म्हणतात. त्याचा धंदाच उभा राहिला. नोव्हेंबर 2020 च्या ईपीएच्या अहवालाचा अंदाज असा: दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपचं डिलीट झालं. त्यातून गाड्यांच्या आयुष्यात निघणारा जास्तीचा नायट्रोजन ऑक्साइड 5,70,000 टन आणि काजळी 5,000 टन. रस्त्यावर 90 लाख नवे पिकअप आणल्यासारखं. मुद्दाम धूर सोडून सायकलवाल्यांना झाकून टाकण्याचा उद्योग इतका वाढला की न्यू जर्सी राज्याला 2015 मध्ये वेगळा कायदा करावा लागला. युटामध्ये डॉक्टरांच्या एका संघटनेने टीव्हीवर गाजलेल्या 'डिझेल ब्रदर्स' मंडळींना कोर्टात खेचलं आणि 2020 मध्ये साडेआठ लाख डॉलरचा दंड झाला. गाजलेल्या माणसाविरुद्ध सरकार नाही, गावातले डॉक्टर उभे राहिले, हे मला बातमीदार म्हणून फार आवडलं.

तुम्ही म्हणाल, गॅरेजवाले चोर. थांबा. आता मोठ्यांचं बघू.

कंपनीला गाडी विकण्याआधी इंजिन डायनोवर चालवून दाखवावं लागतं. परीक्षेचा पेपर आधीच ठरलेला: इतके सेकंद हा वेग, मग तो. पेपर माहीत असेल तर काय होतं हे दहावीच्या केंद्रावर बातमीला गेलेल्या माणसाला सांगायला नको. 1998 मध्ये कॅटरपिलर, कमिन्स, मॅक, व्होल्वोसह सात इंजिन कंपन्यांवर अमेरिकन सरकारने ठपका ठेवला. आरोप असा की परीक्षेत इंजिन सभ्य वागतं, पण ट्रक हायवेवर एका वेगाने धावू लागला की कॉम्प्युटर डिझेल वाचवणारी पद्धत धरतो आणि नायट्रोजन ऑक्साइड सोडतो. इंजिनं होती 13 लाख. गुन्हा कबूल न करता कंपन्यांनी तडजोड केली, एकूण किंमत 1 अब्ज डॉलरच्या वर.

त्या तडजोडीचा एक भाग असा होता की यापुढे इंजिन रस्त्यावरही मोजायचं. त्यासाठी गाडीत ठेवता येणारी उपकरणं वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने विकसित केली. आणि त्याच विद्यापीठाच्या छोट्या चमूने 2013 मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या कॅलिफोर्नियात फिरवल्या. चमूत भारतातून शिकायला गेलेले अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पण्णा होते. रोलरवर गाड्या पास. रस्त्यावर जेट्टा गाडीचा नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या 15 ते 35 पट! स्टिअरिंग हलत नाही, वेग पेपराप्रमाणे चाललाय, म्हणजे आपण रोलरवर आहोत हे गाडी ओळखायची. सप्टेंबर 2015 मध्ये प्रकरण फुटलं, जगभरात 1 कोटी 10 लाख गाड्या निघाल्या.

आणि मग कमिन्स, पुन्हा. रॅम पिकअपच्या 2013 ते 2019 च्या 6,30,000 इंजिनांत असंच काही असल्याच्या आरोपावरून कंपनीने 1.675 अब्ज डॉलर दंड भरायचं कबूल केलं. डिसेंबर 2023 ची गोष्ट. रुपयांत तेव्हाच्या दराने जवळजवळ 14 हजार कोटी. क्लीन एअर ॲक्टखाली आजवरचा सर्वात मोठा दिवाणी दंड. चूक इथेही मान्य नाही. म्हणजे ज्या ट्रकाचं गावातल्या मिस्त्रीने डिलीट केलं म्हणून धाड पडली, त्यातले कित्येक कारखान्यातूनच कॉपी करून पास झालेले होते. मिस्त्री यातून सुटत नाही, पण शाळा काढणाराच पेपर फोडत असेल तर पोरांना उपदेश कोणत्या तोंडाने करायचा?

कोथरूडचा धागा हा: याच कमिन्सने किर्लोस्करांबरोबर 1962 मध्ये पुण्यात कंपनी काढली, किर्लोस्कर कमिन्स. आजची कमिन्स इंडिया तीच. वाहनांची सरकारमान्य परीक्षा घेणारी एआरएआय संस्थाही पुण्यातच, 1966 पासून. फोक्सवॅगन प्रकरणानंतर भारतात तपासणी केली ती तिनेच, आणि त्यानंतर 3,23,700 गाड्या परत बोलवायची घोषणा कंपनीला करावी लागली. हरित लवादाने मार्च 2019 मध्ये 500 कोटींचा दंड लावला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली.

रिमॅप विचारणाऱ्या पोरांसाठी: मोटार वाहन कायद्याच्या कलम 182अ नुसार मालकाने गाडीत बेकायदा फेरफार केला तर प्रत्येक फेरफाराला 5,000 रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण पकडणार कसं? आपली डिझेलची पीयूसी म्हणजे गाडी जागेवर उभी, न्यूट्रलमध्ये, पाय झटक्यात दाबायचा आणि धुराची घनता बघायची. ओझं नाही, रोलर नाही, नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. युरिया बंद केलेली गाडी यात आरामात पास होते. आणि काही ठिकाणी गाडी न आणता नुसत्या फोटोवर कागद मिळतो, हे मी लिहायची गरज नाही, तुम्हीच मला पावत्या पाठवल्यात.

आपल्या भागातले बरेच जण कोथरूडला टेस्ट बेडवर नोकरी करून निवृत्त झालेत, दोघे-तिघे तर ही पोस्ट नक्की वाचत असतील. त्या काळी इंजिन डायनोवर किती तास चालवायचे, काय काय मोजायचे, हे खाली लिहा. बॉशचा तो इनलाइन पंप उघडलेले पंप-नोझलवाले कोणी असतील तर त्यांनीही. पुढची पोस्ट त्यावरच करतो.