मनातला राग जात नाही? माफीसाठी फोनवर समुपदेशक असा शोधा

फोपनार : बांधाचा, विहिरीच्या पाण्याचा वाद मिटतो, कागदावर सह्या होतात, पण भावाचं तोंड बघवत नाही. अशा वेळी बऱ्हाणपूरला न जाताही मदत मिळते.

सुरुवात : केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा, क्रमांक १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, मोफत, २४ तास. मराठीत बोलायचं असेल तर आधीच सांगा.

खासगी समुपदेशक : स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. फी, वेळ आणि भाषा पहिल्याच फोनवर ठरवा. औषध मात्र डॉक्टरच देतात.

गोपनीयता : २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. घरात माणसं असतील तर शेतात जाऊन बोला.

माफी म्हणजे समेट नव्हे : माफीवर आधारित उपचारपद्धती मांडणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एनराइट हेच सांगतात. माफ केलं म्हणून हिस्सा सोडावा लागत नाही, की केस मागे घ्यावी लागत नाही. ‘जाऊ द्या, माफ करून टाका’ अशी घाई करणारा समुपदेशक सरळ बदला.

मारहाण अजून चालू असेल तर माफीचं नंतर. आधी ११२ लावा.