दारूगोळ्याचा बाजारभाव

धान्याचा भाव कां चढतो, हें कोणत्याही गृहिणीला शिकवावें लागत नाहीं. पावसानें ओढ दिली कीं ज्वारी महागते, पीक चांगलें आलें कीं स्वस्त होते. दारूगोळ्याचा भावही मागणी आणि पुरवठा ह्यांच्याच नियमानें चालतो. परंतु दोहोंत एक मोठा भेद आहे. धान्याची मागणी रोजची व जवळजवळ ठराविक असते. दारूगोळ्याची मागणी वर्षानुवर्षें निजून राहते आणि युद्धाचा जाहीरनामा निघाला कीं एका दिवसांत खडबडून जागी होते. पुरवठा मात्र त्या दिवशीं वाढूं शकत नाहीं. ह्या विलंबानें केवढीं राजकारणें घडविलीं, हें मी आज एका अगदीं क्षुद्र दिसणाऱ्या पदार्थाच्या इतिहासावरून सांगणार आहें. तो पदार्थ म्हणजे सोरा.

बंदुकीच्या दारूचें इंग्रज कारखान्यांतील रूढ प्रमाण शंभर भागांत ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक असें होतें. कोळसा हव्या त्या रानांत मिळे, गंधक सिसिलीच्या खाणींतून येई. अडे तें सोऱ्यापाशीं. आपल्याकडे अकबर बादशहाच्या दरबारांत ह्याच सोऱ्यानें पिण्याचें पाणी गार करीत, असें अबुल फझलनें 'ऐन-इ-अकबरी'त लिहून ठेविलें आहे. युरोपांत त्याच्या वांट्याला असें थंड काम क्वचितच आलें.

तिकडच्या ओलसर हवेंत सोरा आपोआप फारसा धरत नाहीं. म्हणून इंग्लंडच्या राजांनीं सोरा खणणारे सरकारी लोक नेमिले होते. गोठे, तबेले, कबुतरखाने, प्रसंगीं राहत्या घरांची जमीनसुद्धां उकरून माती नेण्याचा त्यांना अधिकार असे. १६२६ सालीं पहिल्या चार्ल्स राजानें तर प्रजेनें आपलें व आपल्या जनावरांचें मूत्र सोऱ्यासाठीं सांठवून ठेवावें, असा हुकूम काढिला. हुकूम हंसण्याजोगा खरा. पण ज्यांच्या घरांची जमीन उकरली जात होती त्यांना हंसूं आलें नसेल. पुढें १६५६ च्या कायद्यानें मालकाच्या संमतीवांचून खणण्यास बंदी झाली. ही केवळ पार्लमेंटची दया नव्हे. तोंवर हिंदुस्थानचा सोरा लंडनच्या धक्क्याला लागूं लागला होता.

हा सोरा बिहारचा. पाटणा, सारण, चंपारण, तिरहुत ह्या भागांत पावसाळा सरला कीं जुन्या वस्त्यांच्या व गोठ्यांच्या आसपास जमिनीवर पांढरी भुकटी फुलून येई. नोनिया जातीचे लोक ती माती खरवडीत, पाण्यानें निथळून घेत आणि तें पाणी कढईंत आटवून स्फटिक काढीत. पाऊस लागला कीं काम बंद. डचांनीं छपऱ्यास आणि इंग्रजांनीं पाटण्याजवळ सिंघिया येथें ह्या मालासाठीं वखारी घातल्या. पुढें कलकत्त्याचा पाया घालणारा जॉब चार्नॉक ह्यानें आपल्या उमेदीचीं वर्षें पाटण्याच्या ह्याच व्यापारांत घालविलीं. माल जड असल्यामुळें जहाजाच्या तळाशीं भार म्हणूनही तो सोईचा पडे.

आतां हिशेब पाहा. लंडनमध्यें युद्ध पेटलें. मागणीचें पत्र बंगालला पोंचण्यास सुमारें सहा महिने. तेथें पावसाळा असेल तर कोरड्या ऋतूची वाट पाहणें आलें. माल परत जाण्यास आणखी सहा महिने. म्हणजे आजच्या टंचाईचा उपाय दीड-दोन वर्षांनीं हातीं यावयाचा! तोंवर कदाचित् तह झालेला असे, आणि तेजींत मागविलेला माल मंदीच्या बाजारांत उतरे.

ह्या चढउताराची राज्यकर्त्यांनीं किती धास्ती घेतली होती, हें १६९३ च्या सनदेवरून दिसतें. ईस्ट इंडिया कंपनीला व्यापाराची सनद देतांना अट घातली ती अशी कीं, कंपनीनें दरसाल ५०० टन सोरा सरकारला द्यावा. भाव शांततेच्या काळीं टनास ३८ पौंड १० शिलिंग, आणि युद्धकाळीं ४५ पौंड. युद्धांत भाव चढणारच, हें सरकारनें लेखी मान्य केलें. तो किती चढावा, हें मात्र आपल्या हातीं ठेविलें. साडेसहा पौंडांचा हा फरक मला त्या काळच्या पुष्कळशा लढायांच्या वर्णनांपेक्षां अधिक बोलका वाटतो.

पलाशीची कथा आपण सर्वांनीं शाळेंत वाचलेली असते, पण तिच्या मागून आलेल्या एका व्यवहाराकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. १७५८ सालीं क्लाइव्हनें मीर जाफर नबाबाकडून बिहारच्या सोऱ्याचा मक्ता कंपनीच्या नांवें करून घेतला. त्यापूर्वीं तो ख्वाजा वाजिद ह्या आर्मेनियन व्यापाऱ्याकडे होता. इंग्लंड आणि फ्रान्स त्या वेळीं सात वर्षांच्या युद्धांत गुंतलेले होते. आणि सोऱ्याचा सर्वांत मोठा झरा आतां एकाच पक्षाच्या अंगणांत आला. डचांनाही इंग्रजांच्या हातूनच माल घ्यावा लागे.

फ्रान्सला आपल्याच भूमींतून सोरा काढणें भाग पडलें. १७७५ सालीं तुर्गो ह्या मंत्र्यानें दारूचा खासगी मक्ता मोडून सरकारी खातें काढिलें आणि लाव्हाझिए ह्या थोर रसायनशास्त्रज्ञाला त्याच्या चालकांत नेमिलें. पुढें क्रांतियुद्धांत, १७९३-९४ सालीं, पॅरिसचे नागरिक आपापल्या तळघरांतली माती खणूं लागले. इंग्लंडांत जें राजाच्या नांवानें झालें, तेंच येथें प्रजासत्ताकाच्या नांवानें झालें.

ह्या व्यापाराचा सर्वांत नाट्यमय प्रसंग १८६१ चा. अमेरिकेंत यादवी पेटली तेव्हां उत्तरेच्या सरकारपाशीं सोऱ्याचा सांठा पुरेसा नव्हता. त्यानें दारूच्या कारखानदार घराण्यांतील लामॉट ड्यू पाँ ह्याला गुपचूप लंडनला धाडिलें. नोव्हेंबरांत तेथें उतरून हा गृहस्थ बंदरांतला, तसाच वाटेवरच्या जहाजांतलाही सोरा खरेदी करूं लागला. एवढें मोठें गिऱ्हाईक फार दिवस लपत नाहीं. भाव भराभर चढला. इतक्यांत 'ट्रेंट' ह्या ब्रिटिश डाकेच्या जहाजावरून दक्षिणेचे दोन वकील अमेरिकन युद्धनौकेनें उतरवून घेतल्याची बातमी आली, आणि ब्रिटिश सरकारनें सोऱ्याची निर्यातच बंद केली. विकत घेतलेला माल धक्क्यावर अडकून पडला. ते वकील सोडून दिल्यानंतरच, १८६२ च्या जानेवारींत, तो सुटला. बंद झालेल्या बंदरापुढें थैलींतील सोन्याचें कांहीं चाललें नाहीं.

गंमत अशी, कीं ह्याच ड्यू पाँनें १८५७ सालीं दक्षिण अमेरिकेच्या वाळवंटांतील स्वस्त सोऱ्यापासून सुरुंगाची दारू करण्याचें पेटंट घेतलें होतें. तो सोरा हवेंतली ओल ओढून घेई, त्यामुळें खाणींत चाले, तोफांत चालत नसे. पण १८६१ पासून जर्मनींत स्टासफुर्ट येथें पोटॅशचे क्षार निघूं लागले, आणि दोहोंच्या संयोगानें कारखान्यांतच उत्तम सोरा तयार होऊं लागला. १८७९ ते १८८३ पर्यंत चिली, पेरू आणि बोलिव्हिया त्या वाळवंटासाठीं लढले. मग १९१३ सालीं ओपाउ येथें हाबर आणि बॉश ह्यांच्या पद्धतीनें हवेंतील नत्रवायूपासूनच अमोनिया करणारा कारखाना सुरू झाला, आणि पहिल्या महायुद्धांत समुद्रमार्ग तुटूनही जर्मनीचा दारूगोळा आटला नाहीं. महाग मालाची बदली शोधणाऱ्यांची वाण कधींच पडत नाहीं.

लंडनच्या तेजींतून बिहारच्या नोनियाच्या पदरांत काय पडे? तो आगाऊ रक्कम, म्हणजे दादनी, घेऊन बांधला गेलेला असे. मक्ता झाल्यावर तर गिऱ्हाईक एकच उरलें, आणि भाव त्यानेंच ठरवायचा. चढत्या बाजाराचा नफा वरच्यावर वांटला जाई; उतरत्या बाजारांत भट्टी विझे ती पहिल्यानें त्याची. पुढें मिठाच्या कराचा कायदा आड आला. सोरा काढतां काढतां खाण्याचें मीठही निघतें, म्हणून परवान्यावांचून त्याला भट्टी पेटवितां येईना. १९१४ सालीं जर्मन पोटॅश बंद झालें तेव्हां बिहारच्या सोऱ्याची पुन्हां एकदां विचारपूस झाली. युद्ध संपलें तशी ती थांबली. तोंवर नोनियांपैकीं पुष्कळजण रस्त्यांच्या आणि तलावांच्या मातीकामावर मजुरीला लागले होते.