विजया मेहता : रंगभूमी आणि चित्रपटाच्या दिग्दर्शिका

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी रंगभूमीला ज्या मोजक्या दिग्दर्शकांनी नवे वळण दिले, त्यांत विजया मेहता यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. नाट्यसृष्टीत त्या ‘बाई’ या आदरार्थी संबोधनाने ओळखल्या जातात. जाणकारांपुरते मर्यादित राहिलेले गंभीर नाटक तिकीट काढून येणाऱ्या सर्वसामान्य कुटुंबापर्यंत नेता येईल काय, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी आपल्या कार्यातून दिले.

जडणघडण

पूर्वाश्रमीच्या विजया जयवंत यांचा जन्म ४ नोव्हेंबर १९३४ रोजी बडोदे येथे झाला. शिक्षण मुंबईत झाले. इब्राहिम अल्काझी आणि अदी मर्झबान या दोन श्रेष्ठ दिग्दर्शकांकडे त्यांनी नाट्यकलेचे धडे घेतले. गिरगावातील मुंबई मराठी साहित्य संघाच्या रंगमंचावर त्यांच्यातील अभिनेत्री घडली. प्रख्यात अभिनेत्री दुर्गा खोटे यांचे चिरंजीव हरीन खोटे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु पतीच्या अकाली निधनाने दोन लहान मुलांची जबाबदारी त्यांच्यावर आली. पुढे फारोख मेहता यांच्याशी त्या विवाहबद्ध झाल्या.

रंगायनचे पर्व

१९६० साली विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे आदी सहकाऱ्यांसह त्यांनी ‘रंगायन’ ही प्रायोगिक नाट्यसंस्था उभी केली. आयनेस्कोच्या नाटकावरून केलेले ‘खुर्च्या’, चिं. त्र्यं. खानोलकरांचे ‘एक शून्य बाजीराव’ (१९६६) अशा प्रयोगांनी मराठी नाटकाच्या कक्षा रुंदावल्या. मात्र पुढे संस्थेत फूट पडली. अरविंद व सुलभा देशपांडे यांनी १९७१ मध्ये ‘आविष्कार’ची स्थापना केली आणि १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेचे सभागृह प्रायोगिक नाटकाचे माहेरघर बनले. विजयाबाई मात्र व्यावसायिक रंगभूमीकडे वळल्या.

व्यावसायिक रंगभूमीवर

दादरच्या पोर्तुगीज चर्चपासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर शिवाजी मंदिर नाट्यगृह आहे. अशा नाट्यगृहांत येणारा प्रेक्षक करमणुकीच्या अपेक्षेने येतो. त्याच्यासमोर बाईंनी जयवंत दळवी यांचे ‘संध्याछाया’ ठेवले. एक मुलगा अमेरिकेत, दुसरा सैन्यदलात आणि घरात वाट पाहणारे वृद्ध आईवडील, एवढाच त्याचा संसार. त्यातील नानीची भूमिकाही त्यांनी स्वतःच केली. आखाती देशांत वा कॅनडात मुले स्थायिक झाल्यामुळे आज आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी घरांत सायंकाळी दोनच माणसे जपमाळ म्हणतात. त्यांना हे नाटक परके वाटणार नाही.

त्यानंतर ‘बॅरिस्टर’ (१९७७), अनिल बर्वे यांचे ‘हमीदाबाईची कोठी’, दळवींचे ‘पुरुष’, महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) ही नाटके आली. नाना पाटेकर, भारती आचरेकर, नीना कुलकर्णी यांसारखे कलावंत त्यांच्या तालमींत घडले.

जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ यांच्या सहयोगाने त्यांनी ब्रेख्तचे ‘अजब न्याय वर्तुळाचा’ मराठीत आणले. रूपांतर खानोलकरांचे होते. एका मुलावर दोन स्त्रिया आईपणाचा हक्क सांगतात, ही त्याची कथा वाचताना जुन्या करारातील शलमोन राजाचा निवाडा आपल्याला आठवेल. शलमोनाच्या न्यायात मूल खऱ्या आईला मिळते. ब्रेख्तच्या नाटकात जन्मदात्री हट्टाने ओढत राहते, तर मुलाला इजा होऊ नये म्हणून हात सोडते ती त्याला वाढवणारी दासी. न्यायाधीश मूल तिच्या स्वाधीन करतो.

चित्रपट व दूरचित्रवाणी

ख्रिस्ती वाचकाला विशेष आस्था वाटेल अशी त्यांची कलाकृती म्हणजे ‘स्मृतिचित्रे’. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यामुळे पत्नी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला काही वर्षे ताटातूट आली. पुढे १९०० मध्ये त्यांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला. टिळक दांपत्य प्रॉटेस्टंट परंपरेतले असले, तरी लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र मराठी ख्रिस्ती समाजाचा सामायिक ठेवा आहे. त्यावर बाईंनी १९८० च्या दशकाच्या आरंभी दूरचित्रपट केला. लक्ष्मीबाईंची भूमिका सुहास जोशी यांनी केली.

‘बॅरिस्टर’वरून केलेल्या ‘रावसाहेब’ या हिंदी चित्रपटात दिग्दर्शनाबरोबर त्यांनी मावशीची भूमिका केली. त्या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. १९८८ चा ‘पेस्तनजी’ हा चित्रपट मुंबईतील पारशी समाजाचे अंतरंग उलगडतो.

सन्मान

१९७५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९८७ मध्ये ‘पद्मश्री’ त्यांना प्राप्त झाली. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे अध्यक्षपद आणि मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्सचे कार्यकारी संचालकपद त्यांनी भूषविले. २०१२ मध्ये त्यांचे ‘झिम्मा’ हे आत्मकथन प्रसिद्ध झाले.

एकाकी वृद्ध, विधवा मावशी, मूल वाढवणारी दासी, घरातून दुरावलेली पत्नी : ज्यांच्याकडे घरात व समाजात सहसा कोणी थांबून पाहत नाही, अशी माणसे बाईंनी रंगमंचाच्या मध्यभागी आणली. त्यांची नाटके पाहून घरी परतलेल्या अनेकांना आपल्याच घरातील माणसे नव्याने दिसली असतील.