प्राणिशास्त्र शिकून पुढें काय?

मोर्शीच्या बाहेर पडून उत्तरेकडे दृष्टि टाकली कीं संत्र्यांच्या बागांपलीकडे सातपुड्याची रांग दिसूं लागते. ही नित्याची रांग एके काळीं प्राणिशास्त्रज्ञांच्या मोठ्या वादाचा विषय झाली होती, हें आपल्यापैकीं थोड्यांनाच ठाऊक असेल. १९१६ सालीं कलकत्त्यास स्थापन झालेल्या भारतीय प्राणि-सर्वेक्षण खात्याचे संचालक डॉ. सुंदरलाल होरा यांनीं १९४९ च्या सुमारास असें प्रतिपादन केलें कीं, आसामकडील डोंगरी ओढ्यांतले मासे सह्याद्रींत पोंचले ते याच विंध्य-सातपुड्याच्या वाटेनें. खळाळत्या पाण्यांत खडकाला चिकटून राहणारे ते चिमुकले जीव एवढे अंतर कसे आले, यावर विद्वानांत पुष्कळ खल झाला; अद्यापि तो पुरता मिटलेला नाहीं.

श्रोतेहो, हें आरंभींच सांगण्याचें कारण असें. दरवर्षीं बारावीचा निकाल लागला कीं आपल्या तालुक्यांतील कित्येक घरांत एकच प्रश्न निघतो. वैद्यकीला प्रवेश मिळाला नाहीं. आतां प्राणिशास्त्र घेऊन पोर करणार काय? प्रश्न उपहासाचा नव्हे, पोटाचा आहे. म्हणूनच गोड शब्दांनीं त्याची बोळवण न करतां, या विद्येनें आपल्या प्रदेशांत कोणतीं कामें केलीं तें आधीं पाहूं.

विद्यापीठाच्या कितीतरी आधीं ही विद्या येथें आली ती संग्रहालयाच्या दारानें. नागपूरचें मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे लोकांच्या तोंडचा अजब बंगला, १८६३ सालीं निघालें. तेथील ई. ए. डि'अब्रू यांनीं मध्यप्रांतांतील पक्ष्यांच्या व फुलपाखरांच्या याद्या सिद्ध केल्या. बघ्यांचें लक्ष पेंढा भरलेल्या जनावराकडे जातें; अभ्यासकाचें लक्ष त्याच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीकडे असतें. कोठें मिळाला, केव्हां मिळाला, कोणीं मिळविला, एवढेंच तीवर लिहिलेलें असतें. पण त्या चिठ्ठीवर किती अवलंबून आहे, याचें उदाहरण आपल्याच जिल्ह्याशीं जोडलेलें आहे.

रानपिंगळा नांवाचें एक लहान घुबड आहे. १८७२ सालीं ब्लेविट यांना त्याचा पहिला नमुना मिळाला व पुढील वर्षीं ह्यूम यांनीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. खानदेशांत नोकरीस असलेले डेव्हिडसन नांवाचे मुलकी अधिकारी फावल्या वेळीं पक्षी जमवीत. त्यांनाही तो मिळाला. १८८४ नंतर मात्र हा पक्षी जणूं नाहींसा झाला. एक नोंद तेवढी १९१४ सालची, गुजराथेंतील, कर्नल माइनर्ट्‌झहागेन यांच्या नांवावर होती. तीवर विसंबून शोध करणारे रिक्त हस्तानें परतले. पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीनें संग्रहालयांतले नमुने बारकाईनें तपासले, तेव्हां उघड झालें कीं कर्नलसाहेबांनीं तेथलाच एक जुना नमुना चोरून, त्याची शिवण उसवून, नवी चिठ्ठी लावून तो स्वतःचा म्हणून मिरविला होता! ती खोटी नोंद बाजूस सारून ती व तिचे सोबती खऱ्या जुन्या ठिकाणांकडे वळले, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजीं शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दृष्टीस पडला. त्यानंतर थोड्याच वर्षांत तो आपल्या मेळघाटांतही आढळला. एका खोट्या चिठ्ठीनें शोधकांना कित्येक वर्षें भलत्याच रानांत हिंडविलें होतें.

विद्यापीठीय शिक्षणाची कथा त्यामानानें सरळ आहे. नागपुरास व्हिक्टोरिया विज्ञान महाविद्यालय १९०६ सालीं सुरू झालें. १९२३ सालीं नागपूर विद्यापीठ स्थापन झालें व त्याच वर्षीं अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज उघडलें. नागपूरचे प्रा. मोघे व त्यांचे सहकारी इनामदार यांनीं १९३४ सालीं पक्ष्यांच्या आंतड्यांतील पट्टकृमींच्या नव्या जाती प्रसिद्ध केल्या. जंत तपासणें हें काय शिक्षण, असें कोणी म्हणेल. परंतु गुरांच्या व माणसांच्या अनेक रोगांची ओळख अशाच तपासणीनें पटली आहे. १ मे १९८३ रोजीं अमरावतीस स्वतंत्र विद्यापीठ झालें, आणि आज विज्ञानाची पदवी घेण्यास मोर्शी सोडण्याचीही गरज उरलेली नाहीं.

आतां पोटाच्या प्रश्नाकडे येऊं. मोर्शीच्या बागाईतदाराला कोळशी म्हणजे काय तें सांगावें लागत नाहीं. झाड काळें पडतें, फळ काळें पडतें. पण तो काळेपणा हा मूळ रोग नव्हे. काळी माशी पानाच्या खालच्या अंगास बसून रस शोषते, तिच्या शरीरांतून गोड चिकट द्रव गळतो, आणि त्यावर बुरशी चढते. उपाय करावयाचा तो माशीवर, आणि तोही तिच्या पिलांच्या वेळीं. ती वेळ कळण्यास त्या किड्याचा जीवनक्रम ठाऊक पाहिजे. अकोल्याच्या कृषि विद्यापीठांत (स्थापना १९६९) व नागपूरच्या लिंबूवर्गीय फळांच्या संशोधनसंस्थेंत असेंच काम चालतें. मात्र तेथील बहुतेक जागा कृषि-पदवीधरांकडे जातात, हेंही आईबापांनीं ध्यानांत ठेवावें.

माशांचेंही तसेंच. सिंभोऱ्याचें तेरा दरवाजांचें ऊर्ध्व वर्धा धरण १९९३ सालीं पुरें झालें आणि आपल्या दाराशीं एवढा मोठा जलाशय आला. अशा पाण्यांत रोहू-कटल्याचें बीज सोडतां येतें याचें श्रेय मुख्यत्वें डॉ. हिरालाल चौधरी यांना. १९५७ सालीं त्यांनीं पिट्यूटरी ग्रंथीचा अर्क टोंचून या जातीच्या माशांचें प्रजनन घडवून आणलें. तोंपर्यंत बीज नदींतून गोळा करावें लागे. या क्षेत्रांत प्राणिशास्त्राच्या पदवीधराला वाव आहे, परंतु त्याला मत्स्यविज्ञानाच्या पदवीधराशीं सामना द्यावा लागतो.

मग निव्वळ प्राणिशास्त्राचा म्हणून हक्क कोठें? भारतीय वनसेवेच्या परीक्षेस हा विषय घेतलेला पदवीधर बसूं शकतो. प्राणि-सर्वेक्षणाचीं केंद्रें पुण्यास व जबलपुरास आहेत, डेहराडूनला १९८२ पासून वन्यजीव संस्था आहे, येथें एम्. एस्सी. व संशोधनाची तयारी लागते. शाळेंत शिकवावयाचें तर बी. एड्., महाविद्यालयांत नेट अगर सेट. प्राध्यापकाच्या वाटेवर आज कित्येक गुणी तरुण तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षें ताटकळत आहेत. ती वाट एकमेव समजून कोणीं धरूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे. रोगनिदानाच्या प्रयोगशाळेंतील काम त्या मानानें लवकर मिळतें, पण त्यासाठीं वेगळी पदविका घ्यावी लागते.

आमच्या वेळीं या विषयाचें नांव काढलें कीं मेणाच्या तबकांत टांचण्यांनीं खिळलेला बेडूक डोळ्यांपुढें येई. तें दृश्य आतां गेलें. २०११ सालीं विद्यापीठ अनुदान आयोगानें विच्छेदन टप्प्याटप्प्यानें थांबविण्याच्या सूचना दिल्या. त्याचे जे तास मोकळे झाले ते मुलांना सिंभोऱ्याच्या काठीं किंवा साळबर्डीच्या रानांत नेण्याकडे लावावे, अशी येथल्या अध्यापकांस माझी विनंती आहे. आणि जो मुलगा वा मुलगी यंदा हा विषय घेणार असेल, त्यानें वा तिनें पहिल्याच वर्षीं एक वही करावी. पक्षी घ्या, मासे घ्या, बागेंतले किडे घ्या; पण कोणता तरी एकच वर्ग धरावा, आणि प्रत्येक नोंदीपुढें ठिकाण व तारीख खरी लिहावी. पुढें एम्. एस्सी.च्या प्रबंधाचा विषय निवडतांना ती तीन वर्षांची वही हाताशीं असेल.